जादा पैसे घेतले तर तक्रार कुठे? वजनमापे खातं की ग्राहक आयोग

वीस रुपयांच्या बाटलीला पंचवीस, दुधाच्या पिशवीमागे एक-दोन रुपये ‘कूलिंग’चे, पेढ्यांच्या भावात खोक्याचं वजन. हे चुकीचं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. अडतं ते पुढे, तक्रार करायची तर कुठे इथे. खरी दारं दोन. वैधमापन शास्त्र विभाग, म्हणजे आपलं वजनमापे खातं, आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, म्हणजे जुना ग्राहक मंच. दोन्हीकडे अर्ज केल्यावर माझा कल वजनमापे खात्याकडे झुकला आहे. निदान पाकीटबंद मालाच्या आणि रोजच्या छोट्या रकमांच्या बाबतीत तरी. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्हींचं सांगतो.

आधी अधिकार. वजनमापे खात्याचं हत्यार म्हणजे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम. त्यातल्या नियम १८ च्या पोटनियम २ प्रमाणे पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्तीला विकता येत नाही. छापील किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे ‘जीएसटी वेगळा’ किंवा ‘फ्रिजचा खर्च’ ही कारणं काउंटरवर टिकत नाहीत. पण हे खातं वस्तू, वजन आणि माप यांच्यापुरतंच. सलूनवाल्याने दरफलकापेक्षा जास्त घेतले, रुग्णालयाने बिलात न केलेल्या गोष्टी लावल्या, क्लासवाल्याने ठरल्यापेक्षा जादा फी उकळली, तर इथे काही होणार नाही. तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो. कायद्याने ठरलेली, पाकिटावर छापलेली, दरपत्रकात लावलेली किंवा दोघांत ठरलेली, यांपैकी कोणत्याही किमतीपेक्षा जास्त घेतलं तर त्या कायद्याखाली तक्रार होते. आयोगाचा आवाका मोठा आहे यात वाद नाही.

पैसे परत हवे असतील तर आयोगच. वजनमापे खात्याने दंड केला की तो सरकारी तिजोरीत जातो, तुमचे पाच रुपये तुम्हाला मिळत नाहीत. आयोग जादा रक्कम परत, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असं तिन्ही देऊ शकतो. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोल्हापूरच्या माणसाला मुंबईत फसवलं तर कोल्हापुरातच दाखल करता येणं ही मोठी सोय आहे. मुदत दोन वर्षांची.

इतकं सगळं असूनही माझं पारडं फिरलं ते एका गोष्टीमुळे. समोरच्याचं नाव आणि पत्ता.

आयोगाच्या अर्जात विरुद्ध पक्ष नेमका लिहावा लागतो. दुकानाच्या पाटीवर एखाद्या देवाचं नाव असतं, क्यूआर कोड स्कॅन केला की मालकाच्या भावाचं नाव येतं, आणि परवाना तिसऱ्याच्याच नावावर. पाटीवरचं नाव टाकून नोटीस पाठवली तर ‘या नावाची व्यक्ती नाही’ असा शेरा मारून परत येते. मग दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. बिल असेल तर यातून सुटका आहे. बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण दिसतं. खाण्यापिण्याचं दुकान असेल तर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकही कामाला येतो. पण जो माणूस पाच रुपये जादा घेतो तो बिल देत नाही, नेमकी तीच खोच आहे. बिल न देणं हीसुद्धा नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरी ती सिद्ध करायला पुन्हा कागद हवाच.

वजनमापे खात्याकडे हा भार तुमच्यावर नसतो. निरीक्षक स्वतः जाऊन दुकान बघतो, हवं तर गिऱ्हाईक पाठवून नमुना खरेदी करून बघतो आणि जागेवर पंचनामा करतो. मालक कोण, परवाना कोणाचा, हे शोधणं त्याचं काम. तुम्ही फक्त दुकान सापडेल असं सांगायचं. माझ्या मते छोट्या तक्रारीत हाच फरक निर्णायक आहे.

मात्र तक्रार नीट लिहिली नाही तर तिथेही हाती काही लागत नाही. ‘स्टँडवरचे सगळे लुटतात’ असं लिहिलं की कोणाकडेच जाता येत नाही. एक दुकान, एक वस्तू धरा. पाटीवरचं नाव, जवळची खूण, वस्तूचं नाव, निव्वळ प्रमाण (एक लिटर, पाचशे मिली), छापील किंमत, घेतलेली किंमत, बॅच क्रमांक, तारीख आणि वेळ. वेळ सगळ्यात महत्त्वाची. कित्येक ठिकाणी दिवसा छापील भावच घेतात, रात्रीच्या गाड्या लागल्या की भाव चढतो. निरीक्षक दुपारी बाराला गेला तर त्याला दुकान स्वच्छच दिसणार. ‘रात्री दहानंतर’ एवढे दोन शब्द तक्रारीत असले की तपासणी योग्य वेळी होण्याची शक्यता वाढते.

दुसरी चूक दुकानात भांडण्याची. ‘मी तक्रार करतो’ म्हणून आवाज चढवला की पुढचे आठ दिवस तो सावध राहतो आणि नमुना खरेदीत काही सापडत नाही. शांतपणे पैसे द्या आणि निघा. पैसे यूपीआयने द्या, त्या वेळी ती एकच वस्तू घ्या आणि टिपेच्या रकान्यात तिचं नाव लिहा. बिस्किटं, पाणी, चिप्स असं एकत्र घेतलं तर पंच्याऐंशी रुपयांच्या नोंदीतून बाटलीचे किती हे कुणालाच सांगता येत नाही. बाटली दुकानाच्या पाटीसमोर धरून फोटो काढा, छापील किंमत वाचता येईल इतक्या जवळून दुसरा. रिकामी बाटली टाकू नका.

मिठाईच्या खोक्याचं प्रकरण तर वजनमापे खात्याच्या अगदी घरचं. साठ ग्रॅमचं खोकं आणि आठशे रुपये किलोचे पेढे धरले तर पुठ्ठ्याचे अठ्ठेचाळीस रुपये होतात, अर्धा किलो घ्या की दोन किलो. रिकामं खोकं काट्यावर ठेवायला सांगा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आला की मगच पेढे भरायचे. दुकानदार ‘सगळे असंच करतात’ म्हणाला तर काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र विचारा. ते दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी होते, प्रमाणपत्रावरची तारीख त्याहून जुनी असेल तर तीही तक्रारीत लिहा. हीच तक्रार आयोगात न्यायची तर खोक्यासकट वजन केलं हे दाखवायला तुमच्याकडे काय असतं? बिलावर फक्त ‘पेढे ५०० ग्रॅम’.

काही ठिकाणी मात्र वजनमापे खात्याच्या वाटेला जाऊ नका. हॉटेलात बसून मागवलेलं बाटलीबंद पाणी छापील किमतीहून महाग विकता येतं, कारण तिथे बसण्याची आणि वाढण्याची सेवाही विकली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. सुट्या मालाला, भाजीला, वडापावला छापील किंमतच नसते. आणि एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन छापील किमती दिसल्या तर आधी निव्वळ प्रमाण आणि वस्तूचा प्रकार तपासा. अगदी तीच वस्तू असेल तर २०१८ पासून दुहेरी छापील किमतीला मनाई आहे. पण मॉलमधली बाटली बहुतेक वेळा वेगळ्या नावाची किंवा वेगळ्या मापाची निघते आणि तक्रार तिथेच संपते. किमतीवर चिकटपट्टी असेल तर ती किंमत उतरवणारी आहे का आणि खालचा मूळ आकडा दिसतो का, हे बघा. किंमत चढवणारी चिकटपट्टी चालत नाही.

हॉटेलच्या बिलात आपोआप लावलेला सेवा आकार हा वेगळा मुद्दा. जुलै २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो सक्तीने लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. इथे छापील बिल हातात असतं, बिलावर जीएसटी क्रमांक असतो, म्हणजे नाव-पत्त्याचा सगळा घोळ मिटतो. अशा प्रकरणात मी आयोगाची बाजू घेईन. रुग्णालयाची बिलं, फ्लॅटच्या ताब्यावेळी काढलेले जादा आकार, लग्नाच्या हॉलचे शेवटच्या दिवशी वाढलेले दर यांनाही हेच लागू. रक्कम मोठी आणि कागद पक्का असेल तर आयोगाला पर्याय नाही. आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने द्या, पोच जपून ठेवा. बरीच प्रकरणं त्या नोटिशीवरच मिटतात.

वेळेचा अंदाज मात्र बांधून ठेवा. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो, पण तेवढ्यात होईल असं धरून रजा टाकू नका. व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, अर्जातच तशी विनंती करा. कागदपत्रं लावताना अडलात तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेत आधी दाखवून घ्या, एका चुकीच्या नावामुळे फुकट जाणारे महिने वाचतात.

राहिली १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन ॲपवरच्या जादा आकारांसाठी मी तिथूनच सुरुवात करा म्हणेन, कारण तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि बऱ्याचदा पैसे त्याच टप्प्यावर परत येतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत तिचा हात पोचत नाही. फोन केलात तर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पुढे आयोगात जायची वेळ आली तर तारखेनिशी तो जोडता येतो.