डिमांड कंट्रोलर, नऊ महिन्यांनंतर: शिरोलीतल्या छोट्या फाउंड्रीचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. अर्ध्या टनाची इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी), महावितरणचं एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन. गेल्या पावसाळ्यात फर्नेस, सॅण्ड प्लांट (साच्यांची वाळू तयार करणारा), कॉम्प्रेसर आणि शॉट ब्लास्टिंगला (ओतीव माल साफ करणारं मशीन) वेगवेगळे मीटर लावले आणि त्यांवर डिमांड कंट्रोलर बसवला. एका वेळी लागणारी वीज, म्हणजे डिमांड, मर्यादेबाहेर जाऊ लागली की तो ठरवून दिलेली मशीनं आपोआप बंद करतो.

आम्ही वर्षानुवर्षं रात्री मेल्टिंग केलं, कारण रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सवलत मिळायची. जुलै २०२५ पासून ती गेली. आता सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाचपासून मध्यरात्रीपर्यंत जादा आकार. दिवसा ग्रिडवर सोलरची वीज भरपूर असते, ऊन उतरलं की ती ओसरते आणि मागणी नेमकी तेव्हाच चढते, म्हणून हा बदल. सवलत घड्याळावर आहे. तुमच्या पत्र्यावर पॅनेल नसले, बाहेर धो धो पाऊस असला तरी ती मिळतेच.

मीटरचा उपयोग पहिल्याच आठवड्यात झाला. धातू तयार असायचा, पण साचे मागे पडायचे, आणि तेवढा वेळ फर्नेस नुसती धातू गरम ठेवत वीज खायची. टनामागे ६९० युनिट लागत होते. साच्यांचा वेग बघून चार्जिंग (भट्टीत माल भरणं) सुरू करू लागलो, झाकण बंद ठेवायची सवय लावली, आता ६३०च्या आसपास येतात. आदल्या रात्री साचे करून ठेवायचंही बघितलं, पण पावसाळी हवेत ते ओल धरतात, ब्लोहोल (मालात वायूमुळे पडणारी छिद्रं) वाढले. म्हणून मोल्डिंग सकाळी सहाला, पहिली हीट (वितळवण्याची फेरी) नऊनंतर, शेवटचं पोअरिंग, म्हणजे ओतणं, पावणेपाचच्या आत. जेवणाची सुट्टी दोन तुकड्यांत.

आता तक्रारी. डिमांड अर्ध्या तासाच्या सरासरीवर मोजली जाते, आणि एकदा उसळली की पुढचे ११ महिने त्या आकड्याचे ७५ टक्के बिलिंगला धरले जाऊ शकतात. पहिल्या महिन्यात कंट्रोलर सगळं मर्यादेत दाखवत होता, बिलात मात्र डिमांड जास्त. कंट्रोलरचं घड्याळ महावितरणच्या मीटरपेक्षा सात मिनिटं मागे होतं, त्यामुळे दोघांचे अर्धे तासच वेगळे पडत होते. घड्याळ जुळवल्यावर तो प्रश्न मिटला.

दुसरी चूक गंभीर होती. बसवणाऱ्यांनी आपोआप बंद करायच्या यादीत फर्नेसच्या कूलिंगचा पंप घातला होता. भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल गार ठेवणारं पाणी थांबलं तर कॉइल जळते, स्फोटही होऊ शकतो, हे फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. आमच्या भट्टीवरच्या मामांनी ती यादी वाचली म्हणून वाचलो. यादी स्वतः तपासल्याशिवाय सही करू नका. आमच्याकडे आता फक्त कॉम्प्रेसर आणि शॉट ब्लास्टिंग आपोआप थांबतात. फर्नेसची पॉवर कमी करायची तर मामाच करतात, धातू किती आहे हे बघून.

उन्हाळ्यात दुपारचं मेल्टिंग फार जड जातं. पत्रा तापलेला, समोर भट्टी. मोठे पंखे आणि छतावर टर्बो व्हेंटिलेटर घेतले, एप्रिलमध्ये तेही कमी पडले. पोरं रात्री घरी झोपतात याचं मला समाधान आहे. रात्रपाळीचा भत्ता तुटला असता, तो आम्ही पगारातच धरून दिला. बचतीतला पहिला वाटा तोच.

कंट्रोलर घ्यावा का? स्वतंत्र मीटर आधी घ्या, महिनाभर आकडे बघा. आमची निम्म्याहून जास्त बचत वेळापत्रक बदलल्याने झाली आणि ते मीटरवरूनच सुचलं.