हॉर्नही वाजत नव्हता, तरी बिल सीडीआयचं

मे अखेरची गोष्ट. बागायती कापसाच्या लागवडीचे दिवस, त्यामुळे बियाण्याच्या कामाला माझी पारोळा, एरंडोल, कासोदा अशी रोजची फिरती. पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना, पूर्वीच्या सहा नंबरच्या म्हणजे आताच्या 53 नंबरच्या हायवेवर, गाडी चालता चालता एकदम गप झाली. सेल्फ दाबला तर साधं टक् नाही. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, मीटरवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवासुद्धा नाही. किक मारून मारून पोटरी भरून आली. काय काय बंद होतं ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या मेकॅनिककडे गेलो त्याचं सगळं खोटं तिथेच उघडं पडतं.

एका मुलाने त्याच्या गाडीवरून पाय लावत ढकलून मला हायवेलगतच्या गॅरेजपर्यंत पोचवलं. मेकॅनिक गोड बोलणारा. "काय व्हयनं दादा, गाडी बंद पडनी का? बठा, सावलीमा बठा." चावी फिरवली, प्लग काढला, इंजिनला टेकवून किक मारली आणि मान हलवली. "करंटच नाही. सीडीआय उडाला. त्याने आरआर युनिट पण खाल्लं असेल, आणि वायरिंग जळलेली दिसते. तास-दीड तास लागेल, तोवर समोर चहा घेऊन या." सीडीआय म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा डबा, आणि आरआर युनिट म्हणजे बॅटरीचं चार्जिंग आटोक्यात ठेवणारा भाग. ऊन असं की उघड्या टाकीला हात लावता येत नव्हता. चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे, आणि तिथून गाडी दिसत नव्हती.

परत आलो तर गाडी सुरू. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब लिहून ठेवलेला: सीडीआय 1,900, आरआर युनिट 950, वायरिंग 1,200, मजुरी 600. एकूण 4,650. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला आत्ताच येऊन गेला. पक्कं बिल मागितलं तर बिलबुक शेठकडे, आणि शेठ जळगावला. फोन पे चालत नाही, रोख द्या. सोबत शेतकऱ्यांकडून आलेले पैसे होते, त्यातून दिले आणि निघालो.

काही दिवस गाडी बरी चालली. मग सकाळी सेल्फ दाबला की नुसतं कट-कट-कट. अमळनेरला आमचे काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मल्टिमीटर अजून उशाशी. गाडी त्यांच्या अंगणात लावली.

सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "बंद पडनी तवय हॉर्न वाजे का?" नाही म्हटल्यावर हसले. सीडीआयचं काम प्लगला ठिणगी द्यायची वेळ ठरवायचं. तो गेला तर इंजिन सुरू होणार नाही, पण हॉर्न वाजेल, इंडिकेटर लागेल, सेल्फ इंजिन फिरवेल. सगळंच एकदम मेलं असेल तर बघायचं बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच. करंट जिथून सगळीकडे वाटला जातो तिथेच तो अडलेला असतो. प्लग काढून "करंट नाही" दाखवणं म्हणजे गावाची लाइट गेलेली असताना तुमच्या घरातला बल्ब उडाला म्हणून नवा विकणं.

मग त्यांनी सीट उघडली. मेन फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हताच, तांब्याच्या तारेचे पिळलेले केस खोचलेले. हे बघून मात्र काकांचं हसू गेलं. फ्यूज जळतो तो गाडी वाचवण्यासाठी. तिथे तार घातली की शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायरिंग तापते, आणि वायरिंग जाते पेट्रोलच्या टाकीखालून. टाकी काढल्यावर खरा दोष दिसला. हँडलच्या मानेपाशी एक वायर फ्रेमला घासून उघडी पडली होती, हँडल डावीकडे वळलं की बॉडीला टेकायची. मूळ फ्यूज त्यामुळेच उडाला होता. शेजारच्या दोन वायरींचं प्लास्टिक आता वितळलेलं होतं, ते त्या तारेच्या कृपेने. 1,200 रुपयांच्या वायरिंगचा कुठे पत्ता नव्हता, नवी चिकटपट्टीसुद्धा नाही.

सीडीआय जिथे बसतो तिथे कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, अर्धं सीडीआयवर आणि अर्धं पट्टीवर. ते अखंड होतं. आरआर युनिटच्या बोल्टवर गेल्या पावसाळ्यातला काळ्या मातीचा थर तसाच, त्यावर पान्याचा ओरखडासुद्धा नाही. इंजिन रेस करून बॅटरीवर मीटर लावला तर 14.1 व्होल्ट. म्हणजे चार्जिंग उत्तम, आणि तेही जुन्याच युनिटवर.

मग सेल्फ का मरतोय? बंद गाडीत बॅटरी 11.7 दाखवत होती. चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी 12.6च्या वर असते. सेल्फ दाबला की आकडा सातवर यायचा, धड बॅटरी दहाच्या आसपास तग धरते. काका म्हणाले, वॉरंटी कार्ड आण. कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर जुळेना. "हाई बॅटरी तुनी नही." मी चहा पीत होतो तेवढ्यात माझी वर्षभराची बॅटरी काढून त्याच कंपनीची, त्याच रंगाची, मेलेली बॅटरी बसवली होती. पार्ट न बदलता पैसे घेणारे पुष्कळ ऐकले होते, उलट चोरणारा हा पहिलाच.

दुरुस्तीला नवा फ्यूज, थोडी वायर आणि वर चढवायची नळी लागली. शंभर रुपयेसुद्धा नाहीत. बॅटरीचा भुर्दंड वेगळा.

काकांना घेऊन गॅरेजवर गेलो. "तुम्हीच बॅटरी बदलली असेल दादा," हे उत्तर तयारच होतं. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे नंबर काकांनी वाकून वाकून वाचले. आमची त्यात नव्हती, एव्हाना कुणाच्या तरी गाडीत गेली असणार. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा लागेल, तोही द्या!

त्या हायवेवर गाडी अशी ठार मेली तर ढकलायच्या आधी सीटखालचा फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत शेजारीच एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. नवा घातला आणि लगेच उडाला तर समजा कुठेतरी शॉर्ट आहे, आणि गॅरेजवाल्याला तेवढंच सांगा. बॅटरीच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, आणि तो चहाला पाठवतोय असं दिसलं तर चहा तिथेच मागवा.

बिल न देणं हीसुद्धा 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला नंतर कळलं. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. कॅलेंडरचं ते पान, वॉरंटी कार्ड, तांब्याची तार आणि मातीच्या घराचे फोटो एका पाकिटात घालून ठेवलेत. हेल्पलाइनवरून काहीच झालं नाही तर ते पाकीट घेऊन जळगावला जाणार आहे.