तीन जुन्या सायकली, दहा महिने

दहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे एकही सायकल नव्हती. आता तीन आहेत, आणि तिन्ही वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. एक रॉड ब्रेकची उंच काळी, एक तीन गिअरची, आणि एक सत्तरच्या दशकातली दहा गिअरची फ्रेंच रेसर. तिन्ही वापरलेल्याच घेतल्या. पहिली जुनी सायकल कोणती घ्यावी असं विचाराल तर तीन गिअरची घ्या. बाकीच्या दोघींवर जीव आहे, पण रोज सकाळी हात जातो तो हिच्याकडेच.

सगळी करामत मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची. स्टर्मी-आर्चर कंपनीचं एडब्ल्यू, हे मॉडेल १९३६ पासूनचं. माझ्या हबवर ६२ चा शिक्का आहे, म्हणजे १९६२. गिअर सगळे हबच्या पोटात, त्यामुळे चिखल-धुळीचा त्रास नाही, आणि उभ्या सायकलवरही गिअर बदलता येतो. दुसरा गिअर सरळ एकास एक, पहिला त्याच्या पाऊणपट, तिसरा एक-तृतीयांशाने जड.

पहिल्याच आठवड्यात मात्र दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर लावला आणि पायडल एकदम मोकळं फिरलं. छाती हँडलवर. हब गेलं म्हणून खोलायला निघालो होतो, तेवढ्यात कळलं की केबल ढिली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो, ढिल्या केबलमुळे गिअर त्यात घसरतो. खटका दुसऱ्यावर ठेवायचा आणि उजव्या नटाच्या बारीक खिडकीतून आत बघायचं. आतल्या काडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर महिन्याला चार थेंब तेल, बास.

खरा घाम काढला तो कॉटरने. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून ठेवणारी ही छोटी पाचर वर्षानुवर्षं हलली नसेल तर गंजून एकजीव होते. मी घाईत नट काढून थेट हातोडी घातली, आटे चेपले, शेवटी ड्रिलने पोखरून काढली. नट दोन-चार आट्यांवर राहू द्यायचा, तेल पाजून रात्रभर ठेवायचं, क्रँकखाली जाड नळीचा टेकू द्यायचा आणि मग एकच कचकचीत ठोका. नवीन बसवताना दोन्ही कॉटरच्या सपाट बाजू एकमेकींच्या उलट ठेवायच्या. मी ठेवल्या नाहीत. एक पायडल पुढे, एक मागे, सायकल लंगडत चालल्यासारखी वाटायची, आणि मी दोन दिवस स्वतःच्या गुडघ्याला दोष देत होतो.

टायरवर लिहिलेल्या इंचांवर विसंबू नका. माझ्या तीन गिअरवालीची २६ इंची रिम ५९० मिलिमीटरची. माउंटन बाइकचा २६ इंची टायर ५५९ चा, तो चढतच नाही. फ्रेंच रेसरला ६२२ चे टायर, रॉड ब्रेकवालीला ६३५ चे. तीन सायकली, तीन मापं, सुट्या ट्यूबांचा वेगळा डबा.

फ्रेंच बाई देखणी, हलकी, पण नखरेल. तिच्या डिरेलरचे, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे, काही भाग डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे. पाचव्या महिन्यात मागच्या डिरेलरला तडा गेला. क्रँकच्या बेअरिंगच्या वाट्या काढतानाही फसलो. ब्रिटिश सायकलीत उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते, हिच्यात दोन्हीकडे सरळ. मी सवयीने उलटा जोर लावत बसलो आणि ती आणखी घट्ट केली. सध्या ती भिंतीवर आहे.

पावसात एकही काढत नाही. रिम स्टीलच्या, ओल्या झाल्या की ब्रेक दाबल्यावर आधी नुसतं पाणी पुसलं जातं, सायकल आपली चाललेली. कोरड्यात रॉड ब्रेकचं काम चोख आहे. त्याचे रबर रिमला बाजूने नाही, आतून दाबतात, त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं डुलत असलं तरी त्याला पत्ता लागत नाही. माझं चांगलंच डुलतंय. स्पोक आवळायला अजून बसलेलो नाही.