कमरेभर पाण्यात २३ फूट

आमची बोट हिडकलच्या पाण्यावर चालते. घटप्रभेवरचं हे धरण हुक्केरी तालुक्यात येतं. उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं की बुडालेल्या गावांचे बांध, भिंती, झाडांची खोडं वर येतात. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर त्या दिवसांत बघायला लांबून लोक येतात. आम्हाला त्रास त्या भिंतींचा, ज्या अजून चार-पाच फूट पाण्याखाली असतात. गेल्या वर्षी दोन जाळी अशीच फाटली. म्हणून तळ दाखवणारं यंत्र, फिश फाइंडर, घ्यायचं ठरलं. मासे यंत्राशिवाय सापडतात असं काका म्हणतात. मी ते पूर्ण मानत नाही, पण भांडण नको.

बेळगावातल्या ओळखीतून एक फिटर मिळाला. नाव घेत नाही. यंत्र आणि बसवणावळ मिळून ३८ हजार. यंत्राचा पडदा असतो पुढं, आणि आवाज सोडणारा ठोकळा, म्हणजे ट्रान्सड्यूसर, असतो पाण्यात. तो कुठं बसवायचा हाच सगळ्यात मोठा प्रश्न. आम्ही म्हटलं, इतरांचा बघितलाय तसा मागच्या फळीला लावा. तो लगेच म्हणाला, "कशाला अण्णा, चांगल्या बोटीला भोकं? आतून बुडाला चिकटवतो. दगडाला लागणार नाही, शेवाळ धरणार नाही, नोड्री." फायबरच्या बोटीला पाण्याखाली भोक पाडायचं म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. तिथंच आम्ही वाकलो.

यात अर्धं खरं होतं, म्हणून तर फसलो. आतून चिकटवायची पद्धत खोटी नाही. बूड एकसंध फायबरचं असेल आणि ठोकळा इपॉक्सीनं, मध्ये हवेचा एकही बुडबुडा न राहता बसवला असेल, तर आवाज फायबरमधून खाली जातो आणि परत येतो. थोडा जोर कमी होतो, आणि पाण्याचं तापमान बरोबर मिळत नाही, एवढंच. पण बुडात दोन थरांच्या मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर आवाज तिथंच मरतो. आमच्या बोटीच्या बुडात फोम आहे. बोट बांधणाऱ्यानं तो घालताना काका समोर उभे होते. फिटरनं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ठोकळा त्यानं सिलिकॉननं चिकटवला, आणि वर एवढं सिलिकॉन ओतलं की वायरचं तोंडसुद्धा दिसेना.

मग बोट काठाला ढकलून त्यानं पडदा चालू केला. २३ फूट खोली, खाली खडबडीत तळ, मध्ये कमानीसारख्या खुणा, म्हणजे मासे. चुलतभाऊ कमरेभर पाण्यात बोट धरून उभा. तो म्हणाला, "इथं कुठलं २३ फूट?" फिटर म्हणाला, "ते तिरकं बघतंय अण्णा, मधलं पाणी दाखवायलंय." आणि आम्ही माना डोलावल्या. पैसे दिले, कच्ची चिठ्ठी घेतली.

हा ठोकळा सरळ खालीच बघतो. अरुंद किरणाचा असेल तर ३० फूट पाण्यात तळावरचं साधारण १० फुटांचं वर्तुळ त्याला दिसतं. तळ्याच्या मधलं पाणी काठावरून दाखवायला ते काही दुर्बीण नव्हे.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोरीला दगड बांधून सोडला. आठ वाव, म्हणजे ४८ फूट. पडद्यावर ३१. पुढं गेलो, दोरीवर तीन वाव, पडद्यावर ३६. बोट थांबवली तरी पडद्यावरचा तळ आपला चाललाच होता. भाचा डिप्लोमाला आहे, त्यानं कोपऱ्यातला बारीक शब्द वाचला: सिम्युलेटर. म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र. ठोकळा खिशात ठेवला तरी त्यात मासे पोहतात. भाच्यानं ते बंद केलं आणि खोलीच्या जागी नुसत्या रेघा आल्या.

सिलिकॉन सोलून काढलं तेव्हा खरी गोष्ट कळली. ठोकळ्याचा डावा कान, ज्याला पट्टी लागते, तो मोडलेला. वायर दोन हातांवर कापून परत जोडलेली, वर काळी टेप. लेबलवरचा नंबर खरवडलेला. मागच्या फळीला हे लावताच आलं नसतं. जागा त्यानं पाणी बघून निवडली नव्हती. मोडकं कुठं झाकेल ते बघून निवडली होती. गंमत म्हणजे तोच ठोकळा बांबूला बांधून बाजूनं पाण्यात धरला, तर ४७ फूट दाखवलं. मेलेला नव्हता, जुना होता.

फोन केला तर म्हणाला, "मी चालू करून दिलंय, तुम्हाला वापरायला येत नाही." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर विचारलं. बोट पोट भरायला आपणच चालवत असलो तर आपण ग्राहकच धरले जातो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी नाही. पण हातात कच्ची चिठ्ठी, तीही सहीविना. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, त्याचा फोटो त्याला पाठवला, तेव्हा १५ हजार परत आले आणि यंत्र तो घेऊन गेला.

नंतर बिलासकट साधं नवीन यंत्र आणलं आणि घरीच बसवलं. आमच्या इंजिनाचा पाण्यातला पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून ठोकळा उजव्या बाजूला. तिकडं पाती खाली जातात, फेस कमी. पंख्यापासून सव्वा फूट लांब. बुडाखालच्या उभ्या पट्ट्यांच्या मागं नाही, कारण तिथून बुडबुडे सुटतात आणि वेगात चित्र फाटतं. वायर इंजिनाच्या वायरीपासून वेगळी नेली. ठोकळ्याचे स्क्रू फळीत न मारता आधी एक प्लास्टिकची जाड पट्टी फळीवर चिकटवली, म्हणजे जागा चुकली तर भोक पट्टीत. जागा दोनदा चुकलीच. शिवाय कायमचं करण्याआधी शिकंजा लावून पूर्ण वेगात एक फेरी मारली.

परवा निपाणीकडच्या एका मासेवाल्यानं विचारलं, ३० हजारांत यंत्र मिळतंय, आतून चिकटवून देतो म्हणतोय, घेऊ का? मी म्हटलं, आधी ठोकळा हातात घे. डावा कान बघ, आणि वायर दोन हातांपर्यंत चाचपत जा.