पापण्यांची शस्त्रक्रिया : पुण्यातील एका नेत्रचिकित्सालयातील अनुभव

वरच्या पापण्यांची सैल पडलेली कातडी कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, मी पुण्यातील एका नेत्रचिकित्सालयात करून घेतली, आणि तिथल्या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती आधीची तपासणी. पापणी जड दिसते ती वाढलेल्या कातडीमुळे, पापणी उचलणारा स्नायू सैल पडल्यामुळे, की भुवईच खाली उतरल्यामुळे, हे आधी ठरवावे लागते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. दोष स्नायूचा असताना नुसती कातडी काढली, तर डोळा अर्धवट झाकलेलाच राहतो. डॉक्टरांनी मोजपट्टी लावून हे पाहिले, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू पुरेसे येतात का ते तपासले (डोळे मुळात कोरडे असतील तर नंतर त्रास वाढतो) आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल खोदून खोदून विचारले. अशा गोळ्या त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हेही बजावले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पेनाच्या खुणा मला बसवूनच केल्या, कारण आडवे झाल्यावर कातडी आणि भुवई आपली जागा सोडतात. चिमट्याने कातडी अलगद धरायची, डोळा पूर्ण मिटतो ना ते पाहायचे आणि मग रेघ पुढे न्यायची, असे बराच वेळ चालले. जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही, म्हणून ही सावकाशी मला फार आश्वासक वाटली. भुलेचे इंजेक्शन चांगलेच झोंबते. त्यानंतर ओढल्यासारखे जाणवते, रक्तस्राव थांबवताना जळका वास येतो आणि मधूनच "डोळे उघडा, आता हळूच मिटा" अशी सूचना येते. छेद पापणीच्या घडीतच घेतात, त्यामुळे व्रण पुढे झाकला जातो.

पहिले दोन दिवस सूज आणि काळेनिळेपणा वाढतच जातो. थंड शेक, उशाला दोन उशा, थेंब आणि मलम. टाके साधारण 5 ते 7 दिवसांत काढतात. अचानक तीव्र वेदना झाल्या, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच यायचे, कारण डोळ्यामागे रक्त साचून दृष्टी जाऊ शकते, हे परिचारिकेने माझ्याबरोबरच घरच्यांनाही समजावले आणि ड्युटीवरील डॉक्टरांचा क्रमांक लिहून दिला.

तक्रार एकच : खर्चाच्या अंदाजात 18 टक्के जीएसटी धरलेला नव्हता, तो थेट बिलात दिसला. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. पापणीमुळे वरचे दिसणे अडत असेल, तर दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचा अहवाल जोडून विमा कंपनीला आधीच विचारावे.