तान्ह्या बाळाचे कपडे कशाने धुवावेत? पावडर, वडी, रिठा आणि द्रव डिटर्जंट यांची तुलना

बाळाची झबली, लंगोट, टोपरी आणि दुपटी धुण्यासाठी वेगळे डिटर्जंट घ्यावे की घरातलेच चालवावे, हे ठरवताना बहुतेक घरांत चर्चा नावाभोवती आणि किमतीभोवती फिरते. माझ्या मते निर्णय दोन गोष्टींवर व्हायला हवा: धुतल्यानंतर कपड्यात काय उरते, आणि आपल्या नळाला कोणते पाणी येते. निवड आरंभीच सांगायची तर, सुगंध आणि नीळ नसलेले साधे द्रव डिटर्जंट कमी प्रमाणात घेऊन कपडे भरपूर पाण्यात खळबळणे हा बहुतेक घरांसाठी सर्वांत योग्य मार्ग आहे. मग त्या बाटलीवर बाळाचे चित्र असो वा नसो.

नवजात बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मोठ्यांच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. जन्माच्या वेळी त्वचेचा सामू, म्हणजेच पीएच, जवळजवळ उदासीन असतो आणि पुढील काही आठवड्यांत तो उतरून त्वचेवर सौम्य आम्लधर्मी आवरण तयार होते. हे आवरण तयार होत असतानाच्या काळात कपड्यातून येणारा अल्कधर्मी अंश, त्यावर घाम, लघवी आणि घर्षण यांचा मारा झाला, तर काखेत, मानेच्या वळ्यांत आणि जांघेत त्वचा लवकर लाल होते. डिटर्जंटमुळे होणारी खरी अॅलर्जी मात्र समजली जाते त्यापेक्षा फार दुर्मीळ आहे. त्वचादाहाच्या रुग्णांवर अनेक केंद्रांत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे रुग्ण एक टक्क्याहूनही कमी आढळले. म्हणून तुलना करताना ‘कोणत्या डिटर्जंटची अॅलर्जी येते’ यापेक्षा ‘कोणते डिटर्जंट कपड्यातून सहज निघून जाते’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

या कसोटीवर घरातली नेहमीची पावडर मागे पडते. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे तिचे पाणी बरेच अल्कधर्मी होते. मळ काढायला ती उत्तम असली, तरी थंड पाण्यात आणि भरगच्च भरलेल्या मशीनमध्ये तिचे कण पूर्ण विरघळत नाहीत आणि शिवणीत अडकून राहतात. शिवाय पांढऱ्या कपड्यांना झळाळी देणारे जे पदार्थ तिच्यात घातलेले असतात, ते मुळात कपड्यावर टिकून राहावेत अशाच हेतूने बनवलेले असतात. एखाद्या घरात पावडरच वापरायची असेल, तर ती आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी आणि नेहमीच्या निम्म्याने घ्यावी, म्हणजे तिचा मुख्य दोष पुष्कळसा कमी होतो.

कपडे धुण्याच्या वडीबद्दल ‘साबण म्हणजे सौम्य’ हा समज पक्का आहे, आणि तो बरोबर नाही. खरा साबण हा स्वभावतःच अल्कधर्मी असतो. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो कापडाच्या धाग्यांत बसतो, आणि काही आठवड्यांत सुती लंगोट कडक व राखाडी होऊन लघवी नीट शोषेनासे होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. विंधन विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी पहिली मर्यादा सहज ओलांडते. मुंबईला तलावांचे आणि पुण्याला खडकवासल्याच्या धरणसाखळीचे जे पाणी मिळते ते त्या मानाने हलके असते, परंतु त्याच शहरांत टँकरवर किंवा बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांची स्थिती वेगळी आहे. नळाच्या तोंडाशी पांढरे कीट साचत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर बाळाच्या कपड्यांसाठी वडीचा विचार सोडून द्यावा. हलके पाणी असलेल्या घरात मात्र शीचा डाग हाताने चोळून काढण्यापुरती वडी वापरायला हरकत नाही.

आता ज्यांच्यावरून सर्वाधिक गोंधळ होतो ती द्रव डिटर्जंटे पाहू. द्रव डिटर्जंट पाण्यात लगेच मिसळते, पावडरीपेक्षा सहसा कमी अल्कधर्मी असते आणि लवकर निघून जाते, ही त्याची जमेची बाजू. हिमालया, मामाअर्थ, पिजन, चिक्को अशा कंपन्यांची खास बाळांसाठीची द्रावणे बाजारात आहेत आणि लिटरमागे त्यांची किंमत साध्या द्रावणापेक्षा बरीच जास्त पडते. ही जास्तीची किंमत कशासाठी मोजायची, हे बाटलीची मागची बाजू वाचून ठरवावे. ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले’ याचा अर्थ त्वचेवर चाचणी झाली एवढाच होतो. चाचणीचा निष्कर्ष काय निघाला हे त्या शब्दांतून कळत नाही. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नये. सोडियम लॉरिल सल्फेट हे नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनही बनते, आणि त्वचेचा दाह मुद्दाम निर्माण करून अभ्यास करायचा असतो तेव्हा प्रयोगशाळेत नमुना म्हणून तेच वापरले जाते.

पैसे मोजावेत ते सुगंध नसण्यासाठी. त्वचेच्या अॅलर्जीच्या ज्ञात कारणांमध्ये सुगंधी द्रव्यांचा क्रमांक फार वरचा आहे, आणि बाळांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी द्रावणांना पावडरीसारखा गोड वास मुद्दाम दिलेला असतो. ‘वासरहित’ आणि ‘सुगंधी द्रव्य न घातलेले’ यांतही फरक आहे, कारण पहिल्या प्रकारात मूळ वास झाकण्यासाठी दुसरे द्रव्य घातलेले असू शकते. दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे द्रावण टिकवण्यासाठी घातलेले मिथाइलआयसोथायाझोलिनोन. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला ‘त्या वर्षीचा अॅलर्जीकारक’ म्हणून घोषित केले होते. घटकांची यादी बाटलीवर नसेलच, तर ती देणाऱ्या कंपनीचे द्रावण निवडावे. किंमत आणि वास हे दोन्ही निकष लावले की एखादे साधे, सुगंधरहित द्रावण बाळांच्या महागड्या द्रावणापेक्षा सरस ठरते, असे अनेकदा दिसते.

प्रथिने तोडणाऱ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमची, भीती मात्र अवाजवी आहे. दूध आणि शी यांचे डाग प्रथिनांचे असल्याने विकरे तेथे खरोखर उपयोगी पडतात, आणि नीट खळबळलेल्या कपड्यात त्यांचा अंश नगण्य उरतो. परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांना हा प्रश्न दुकानातच पडतो: ब्रिटनमध्ये विकरे नसलेली ‘नॉन-बायो’ डिटर्जंटे बाळांसाठी रूढ आहेत, तर अमेरिकेत रंग आणि सुगंध नसलेल्या प्रकारावर ‘फ्री’ असा शब्द असतो. या दोहोंतून निवडायचे झाल्यास सुगंध नसणे हा निकष आधी लावावा. तेथे सर्रास मिळणाऱ्या डिटर्जंटच्या कॅप्सूल मात्र मोठे भावंड घरात असेल तर आणू नयेत. मुले त्या खाऊ समजून चावतात आणि डोळ्यांना व घशाला गंभीर इजा होते.

लोकरीच्या कपड्यांसाठीची ईझीसारखी द्रावणे अनेक घरांत बाळाच्या कपड्यांना वापरतात, आणि त्यामागे तर्क आहे. लोकर हे प्रथिनच असल्यामुळे लोकरीसाठीच्या द्रावणात सोडा किंवा प्रथिने तोडणारे विकर घालून चालत नाही. त्यामुळे दुपटी, टोपरी, स्वेटर यांना ती चांगली. शीने भरलेल्या लंगोटांना अपुरी.

रिठ्याची बाजू मनापासून मांडावीशी वाटते, कारण रेशमी साडी आणि दागिने यांसाठी पिढ्यानपिढ्या वापरलेली ही वस्तू कपड्यावर सोडा, सुगंध किंवा नीळ यांपैकी काहीच ठेवत नाही. तिच्या मर्यादा मात्र ओळखून घ्याव्यात. रिठ्यातील सॅपोनिनमुळे फेस येतो, परंतु तेलकट आणि शीचे डाग त्याने पुरते निघत नाहीत. काढा गाळला नाही तर पांढऱ्या कपड्यावर पिवळट छटा येते. उकळून ठेवलेला काढा दोन-तीन दिवसांत आंबतो. आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. तेल लावलेल्या बाळाची झबली रोज रिठ्यानेच धुतली, तर तेल कापडात साचून त्याला खवट वास येऊ लागतो.

या सर्व पर्यायांपेक्षा अधिक नुकसान करणाऱ्या वस्तू डिटर्जंटच्या नंतर घातल्या जातात. कपडा मऊ करणारे द्रावण धाग्यांवर थर देते, त्यामुळे लंगोट कमी शोषतो आणि सुगंधही टिकून राहतो. नीळ कपड्यावर राहण्यासाठीच असते. जंतुनाशकाचे झाकणभर द्रव शेवटच्या पाण्यात घालण्याची सवय तर सोडावीच. निरोगी बाळाच्या कपड्यांना चांगली धुलाई, ऊन आणि इस्त्री पुरते. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका रुग्णालयात धुलाईच्या शेवटच्या पाण्यात वापरलेल्या द्रव्यातील पेंटाक्लोरोफिनॉल कपड्यांत राहिले, त्वचेतून नवजात बाळांच्या शरीरात गेले, आणि त्यांतील दोन बाळे दगावली. ते रसायन घरगुती जंतुनाशकात नसते, पण शेवटच्या पाण्यातले जे काही आहे ते बाळाच्या अंगापर्यंत पोचते, हे त्यातून कळते. आणखी एक धोका आपल्याकडे विशेष आहे. बाळासाठी जपून ठेवलेली जुनी झबली आणि आजीच्या लुगड्याची दुपटी डांबरगोळ्यांसह ट्रंकेत असतात. त्या गोळ्यांतील नॅप्थॅलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळात रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. असे कपडे एकदा धुऊन वापरण्यापेक्षा बाजूला ठेवणेच बरे.

निवड आपल्या घराला लावून पाहिली तर असे दिसते. बोअरचे पाणी आणि दिवसभर सुती लंगोट असतील, तर विकरे असलेले सुगंधरहित द्रव डिटर्जंट घ्यावे. पाणी हलके आणि बाळाला बहुतेक वेळ डायपर असेल, तर लोकरीसाठीचे द्रावणही पुरते, आणि रेशमी कुंची किंवा बाळंतविड्यातले स्वेटर रिठ्याने धुवावेत. जड पाणी आणि हाताने धुणे, दोन्ही असतील तर महागडी बाटली आणण्यापेक्षा खळबळण्यासाठी एक बादली जास्तीची मोजावी. शीचे लंगोट आधी थंड पाण्यात खळबळावेत. गरम पाण्याने प्रथिनांचा डाग पक्का होतो. स्तनपानावरच्या बाळाच्या शीचा जो पिवळा डाग उरतो, तो ओल्या कपड्याला ऊन दिले की बहुतेक वेळा उडतो. पावसाळ्यात ऊन नसताना कपडे दोन्ही बाजूंनी इस्त्री करून पूर्ण कोरडे करावेत.

डिटर्जंट बदलल्यावर बाळाच्या अंगावर काही उठले, तर ते कोठे उठले हे पाहावे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ बाळांना लाल चट्टे आणि त्यांत बारीक पिवळट फोड येतात आणि आपोआप जातात. त्यांचा कपड्यांशी संबंध नसतो. पुरळ कपडा घट्ट बसतो तेथेच असेल आणि उघड्या गालांवर नसेल, तर तेच कपडे डिटर्जंट न घालता दोन वेळा नुसत्या पाण्याने धुऊन पाहावेत, आणि पाण्याला अजून फेस येत असेल तर बाटली बदलण्याआधी डिटर्जंटचे प्रमाण कमी करावे. फोडांत पू असेल, ताप असेल किंवा बाळ नीट पीत नसेल, तर डिटर्जंटचा विचार करीत न बसता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे.