व्हॉल्यूम वाढवायचा, छोटा करायचा की नवीनच बनवायचा?

सर्व्हरवर डिस्क फुल्ल झाल्याचा अलर्ट आला आणि खाली एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी सोय) असेल तर समोर तीन रस्ते असतात, आहे तो व्हॉल्यूम वाढवायचा, शेजारचा रिकामा पडलेला व्हॉल्यूम छोटा करून तिथली जागा इकडे आणायची, किंवा नवीन व्हॉल्यूम बनवून डेटा तिकडे हलवायचा. तिन्हींना सगळे सरसकट रिसाइझच म्हणतात पण धोक्याच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आधी फाइलसिस्टिम, म्हणजे व्हॉल्यूमवर फाइल्स मांडायची पद्धत, कुठली आहे ते बघायचं, किती जीबी पाहिजे ते नंतर.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघा, जागा खरंच संपलीय का? कधी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपलेले असतात, कधी एखादी अवाढव्य लॉग फाइल डिलीट केलेली असते पण प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते, मग फाइल्सची बेरीज करणारा डीयू एक सांगतो आणि मोकळी जागा दाखवणारा डीएफ दुसरंच. फाइल अशी उघडी राहिली असेल तर सर्व्हिस रिस्टार्ट केली की जागा परत मिळते, व्हॉल्यूमला हात लावायची गरजच नाही.

आता वाढवणं. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून केलेल्या साठ्यात, मोकळी जागा असेल तर हाच रस्ता घ्या, दुसरा विचार नको. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या नेहमीच्या फाइलसिस्टिम दोन्ही चालू अवस्थेत, माउंट असताना वाढतात, सर्व्हिस बंद करावी लागत नाही. क्रम एवढाच की आधी लॉजिकल व्हॉल्यूम (ग्रुपमधून कापून दिलेला तुकडा) वाढवायचा आणि मग फाइलसिस्टिम, आणि एलव्हीएक्सटेंड या कमांडला आर हा ऑप्शन दिला की दोन्ही एकदम होतं. हाताने करणार असाल तर ईएक्सटी४ साठीच्या रिसाइझ२एफएसला डिव्हाइसचा पाथ लागतो आणि एक्सएफएस साठीच्या एक्सएफएस-ग्रोएफएसला माउंट पॉइंट (ती ज्या फोल्डरवर जोडली आहे तो) द्यायचा, इथे बरेच जण गोंधळतात. आणि अधिक चिन्ह विसरू नका हो! अधिक १० जी म्हणजे आहे त्यात १० ची भर, नुसतं १० जी म्हणजे एकूण साइझ १०. एलव्हीएक्सटेंड अशा वेळी छोटं करायला नकार देतो, एलव्हीरिसाइझ मात्र, निदान जुन्या आवृत्त्यांमध्ये, वॉर्निंग देऊन छोटं करायच्या तयारीला लागतो, त्यामुळे वाढवायचंय तेव्हा एलव्हीएक्सटेंडच वापरायची सवय ठेवा.

ग्रुपमध्ये जागाच नसेल तर अजून दोन पर्याय. व्हर्च्युअल मशीन असेल तर आहे तीच डिस्क हायपरव्हायझरकडून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) मोठी करून घ्यायची, मग पार्टिशन असेल तर ते वाढवायला ग्रोपार्ट, मग वाढलेली जागा एलव्हीएमला कळवायला पीव्हीरिसाइझ. किंवा नवी डिस्क जोडून व्हीजीएक्सटेंडने ती ग्रुपमध्ये घ्यायची. दुसरं सोपं वाटतं पण साध्या लिनिअर व्हॉल्यूममध्ये डेटा दोन डिस्कवर पसरतो आणि दोघींपैकी एक जरी गेली तरी तो व्हॉल्यूम गेल्यातच जमा. खाली रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) नसेल तर मी तरी शक्य तिथे तीच डिस्क मोठी करणं पसंत करते.

वाढवताना सगळी जागा एकदम देऊन टाकायचा मोह होतो, १०० टक्के फ्री टाकलं की काम झालं असं वाटतं. असं करू नका. वाढवणं काही सेकंदांचं काम आहे, उद्या परत करता येतं, पण एकदा दिलेली जागा परत काढणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि ग्रुपमध्ये थोडी मोकळी जागा असेल तरच वेळेला स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत, घेता येतो.

तर छोटं करणं. इथे क्रम उलटा होतो, आधी फाइलसिस्टिम आणि मग व्हॉल्यूम. उलटं केलंत तर सामान खोलीत तसंच ठेवून भिंत आत सरकवल्यासारखं होतं, शेवटच्या भागातले ब्लॉक सरळ बाहेर राहतात. ईएक्सटी४ छोटी होते पण अनमाउंट करूनच, आधी सक्तीचा ई२एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिमची तपासणी, मग रिसाइझ२एफएसने हव्या त्या साइझपेक्षा जरा जास्तच छोटी करायची, मग एलव्हीरिड्यूस, आणि शेवटी परत रिसाइझ२एफएस म्हणजे ती व्हॉल्यूमभर पसरते. आर ऑप्शन इथेही हे सगळं सांभाळतो आणि तोच वापरा. रूट व्हॉल्यूम, म्हणजे सिस्टिम ज्यावर असते तो, असेल तर तो चालू सिस्टिममध्ये अनमाउंट होत नाही, रेस्क्यू मोडने बूट करावं लागतं म्हणजे डाउनटाइम आलाच. एक्सएफएस छोटी करण्याचा नाद सोडा, रोजच्या कामात भरवसा ठेवावा असा मार्ग तिथे नाही. बीटीआरएफएस ही तिसरी फाइलसिस्टिम चालू अवस्थेत छोटी होते पण ती वापरत असाल तर हा प्रश्न बहुतेक पडलाच नसेल.

चुकून व्हॉल्यूम आधी कापला गेलाच तर घाबरून फाइलसिस्टिम रिपेअर करायला धावू नका, त्याने उरलंसुरलंही बिघडू शकतं. बदलाआधीचा मेटाडेटा, म्हणजे कुठला व्हॉल्यूम डिस्कवर कुठे आहे त्याची नोंद, ईटीसीखालच्या एलव्हीएम फोल्डरमध्ये, आर्काइव्हमध्ये पडलेला असतो आणि सुटलेली जागा दुसऱ्या कुणाला दिली नसेल तर व्हीजीसीएफजीरिस्टोअरने जुना नकाशा परत आणता येतो. फक्त नकाशा हं, डेटाचा बॅकअप तो नाही. स्नॅपशॉट पण बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो आणि जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट भरला की निकामी होतो.

तिसरा रस्ता म्हणजे नवीन व्हॉल्यूम बनवून डेटा हलवणं, आणि छोटं करायचं असेल तेव्हा माझं मत याच बाजूने आहे, ईएक्सटी४ असली तरीसुद्धा. जागा जास्त लागते आणि वेळही जातो हे खरं, पण मूळ डेटाला कुणी हात लावत नाही, जुना व्हॉल्यूम तसाच मागे उभा असतो. सर्व्हिस चालू असतानाच पहिला आरसिंक (बदललेलं तेवढंच कॉपी करणारी कमांड) मारायचा, मग सर्व्हिस थांबवून उरलेला फरक तेवढा परत आरसिंक करायचा, त्यामुळे बंद राहण्याचा वेळ थोडकाच होतो. हार्डलिंक, एसीएल (फाइलच्या जादा परवानग्या) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्सचे ऑप्शन द्यायला विसरू नका आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) नव्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, टाका नाहीतर पुढच्या रीबूटला जुनाच व्हॉल्यूम माउंट होईल, आणि तो काढून टाकला असेल तर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.

थिन पूल, म्हणजे व्हॉल्यूमला लागेल तशी जागा देणारा सामायिक साठा, असेल तर हिशेबच वेगळा, तिथे व्हॉल्यूमची साइझ कागदावरची असते आणि लक्ष पूलवर ठेवायचं असतं, डेटा आणि मेटाडेटा दोन्हीवर. पूल किती टक्के भरला की आपोआप वाढायचा ती मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० असते म्हणजे ते बंदच असतं, ती ८० वगैरे करून ठेवा.

सगळ्यात जास्त अडकतात ते रेड हॅट घराण्याच्या सर्व्हरवर. तिथे आवृत्ती ७ पासून एक्सएफएस डिफॉल्ट आहे आणि इन्स्टॉलरने केलेल्या वाटणीत बऱ्याचदा होम, म्हणजे यूजरच्या फाइल्सचा व्हॉल्यूम, भलामोठा आणि रूट चिमुकला असतो, मग होममधली जागा रूटला द्यायची म्हटलं की पहिला रस्ता बंद कारण ग्रुपमध्ये मोकळी जागा नाही, दुसरा पण बंद कारण होम एक्सएफएस आहे. होम फारसा भरलेला नसेल तर त्याचा डेटा दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर कॉपी करा, कॉपी नीट उघडून तपासा, रूट यूजरने थेट कन्सोलवरून लॉगिन करा म्हणजे होम बिझी राहणार नाही, मग होमचा व्हॉल्यूम काढून त्याच नावाने छोटा बनवा, फॉरमॅट करा, डेटा परत आणा आणि उरलेल्या जागेतून रूटला गरजेपुरती द्या. एसईलिनक्स (फाइलवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा) चालू असेल तर शेवटी होमवर लेबलं परत लावणारा रिस्टोअरकॉन चालवा, कॉपीत लेबलं सुटली असतील तर एसएसएचची की (किल्ली) जागेवर असूनही लॉगिन नाकारलं जातं आणि कारण शोधता शोधता अर्धा दिवस जातो.